विलक्षण खेळाडू आणि विरळे पराक्रम

तुरीची रास उरकून रान मोकळे झाले, की आमच्या निर्ण्यातील मुलांचा खेळाचा हंगाम सुरू होतो. बॅट बाभळीच्या फळीची, चेंडू रबराचा आणि यष्टी म्हणून ढेकळांत रोवलेल्या तीन तुराट्या, एवढेच काय ते साहित्य. गडी बाद की नाबाद ह्यावर मराठी, कन्नड व उर्दू अशा तिन्ही भाषांतून एकाच वेळी भांडण चालते, आणि ते मिटावे म्हणून बहुधा आम्हांस पंच म्हणून बोलावणे येते. गेल्या पंधरवड्यात एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही असेच त्या रानात उभे होतो. त्या दिवशी दोन गोष्टी घडल्या. दोन्ही लहानच, पण आमच्या मनातून त्या जाईनात. म्हणून आजचे हे पान त्यांच्यासाठी राखले आहे.

पहिली गोष्ट अशी. दोन कर्णधारांनी आळीपाळीने आपापले गडी निवडले आणि शेवटी एकच मुलगा उरला. जन्मापासून त्याचा उजवा हात बारीक व दुबळा आहे. दोघांपैकी कोणीच त्याचे नाव घेईना. आम्हांस त्याची दया आली. आम्ही त्यास जवळ बोलावले, वही व पेन्सिल हातात दिली आणि म्हटले, “बाळा, तू धावा लिही. तुझे अक्षर सर्वांत सुंदर आहे.” आपण मोठे शहाणपणाचे काम केले असे तेव्हा आम्हांस वाटले. त्याने एक शब्दही न बोलता वही घेतली आणि डाव्या हाताने एकेक धाव नीट मांडली.

दुसरी गोष्ट सामना संपताना घडली. खरे म्हणजे सामना संपलाच नाही. एका बाजूच्या मुलाने इतके फटके मारले की, दुसऱ्या बाजूचा कर्णधार चिडला, त्याने तुराट्या उपटल्या, बॅट आपल्या काकाची असल्याचे जाहीर केले आणि ती खांद्यावर टाकून तो घरी निघून गेला. फटके मारणारा मुलगा ४७ धावांवर उभाच राहिला. त्यास पन्नास करावयाचे होते.

सायंकाळी वही परत देताना त्या पहिल्या मुलाने खाली मान घालून आम्हांस विचारले, “फादर, असला हात घेऊन कुणी मोठ्या मॅचीत खेळलंय काय?”

वाचकहो, ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्याच क्षणी ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही आम्ही त्यास वही दिली होती. म्हणूनच आम्हांस लाज वाटली. “पुढच्या रविवारी सांगतो,” एवढेच आम्ही म्हणालो. त्या मुलास जे सांगितले, तेच आता थोडे विस्ताराने आपणांस सांगतो.

भागवत चंद्रशेखर हे नाव आपल्या कर्नाटकातील वडीलधाऱ्यांना चांगले आठवत असेल. १९४५ साली म्हैसूर येथे त्यांचा जन्म झाला. बालपणी त्यांना पोलिओ झाला आणि उजवा हात वाळला. असा मुलगा क्रिकेट खेळलाच तर डाव्या हाताने खेळेल, असे कोणीही म्हणेल. चंद्रशेखर चेंडू अडवून परत फेकताना डावाच हात वापरीत. परंतु गोलंदाजी मात्र त्यांनी त्या वाळलेल्या उजव्या हातानेच केली. तो बारीक हात चाबकासारखा फिरे, आणि चेंडू असा वेगाने व असा वळून येई की, जगातले नामांकित फलंदाज चाचपडत. १९७१ साली लंडनच्या ओव्हल मैदानावर त्यांनी एका डावात ३८ धावांत ६ गडी बाद केले. इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला आणि अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडच्या भूमीवर भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. पुढे १९७७ साल संपून १९७८ उजाडताना मेलबर्नच्या कसोटीत त्यांनी पहिल्या डावात ५२ धावांत ६ व दुसऱ्या डावातही बरोबर ५२ धावांतच ६ गडी बाद केले. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवरचा भारताचा पहिला कसोटी विजय तो हाच.

त्यांच्या कारकिर्दीत आणखी एक गंमत आहे. एकूण ५८ कसोट्यांत त्यांनी २४२ बळी घेतले आणि फलंदाज म्हणून धावा केल्या १६७! बळी जास्त आणि धावा कमी, असा हिशेब फार थोड्या खेळाडूंचा निघतो. एका हाताने जे दिले, त्याची मोजदाद जगाने केली. जे जमले नाही, त्याबद्दल कोणी त्यांना संघाबाहेर ठेवले नाही.

अमेरिकेत क्रिकेटऐवजी बेसबॉल नावाचा खेळ लोकप्रिय आहे. चेंडूफळीचाच तो एक प्रकार. पण त्यात चेंडू टप्पा न पाडता सरळ फलंदाजाकडे फेकतात, आणि मोठ्या संघांतील खेळाडूंचा तो उपजीविकेचा व्यवसाय असतो. तेथे जिम ॲबट नावाचा खेळाडू होऊन गेला. जन्मतःच त्यास उजवा पंजा नव्हता. तो चेंडू झेलण्याचा चामडी हातमोजा उजव्या हाताच्या टोकावर टेकवून ठेवी, डाव्या हाताने चेंडू फेकी आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो डावा पंजा हातमोज्यात सारून पुढचा झेल घेण्यास सिद्ध होई. ४ सप्टेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्क येथे त्याने आख्ख्या सामन्यात क्लीव्हलंडच्या एकाही फलंदाजास यशस्वी फटका मारू दिला नाही. दोन धडधाकट हात असलेले शेकडो गोलंदाज जन्मभर खेळतात, तरी हा पराक्रम त्यांच्या वाट्यास येत नाही.

तथापि सर्वच कथांचा शेवट असा गोड नसतो, हेही सांगितले पाहिजे. त्याच अमेरिकेत पीट ग्रे नावाचा खेळाडू होता. बालपणी एका अपघातात त्याचा उजवा हात गेला. तरीही १९४५ साली तो सेंट लुईसच्या मोठ्या संघातून ७७ सामने खेळला. झेल घ्यावयाचा, हातमोजा खांद्याखालच्या उरलेल्या भागात अडकवावयाचा आणि त्याच हाताने चेंडू परत फेकावयाचा, असे तो करी. परंतु ते युद्धाचे दिवस होते; पुष्कळ खेळाडू सैन्यात गेले होते. युद्ध संपून ते परतल्यावर मोठ्या संघांत ग्रे ह्यास पुन्हा जागा मिळाली नाही. माणसे कमी पडली म्हणजे दार उघडावयाचे आणि पुरेशी झाली म्हणजे लावून घ्यावयाचे, ही जगाची रीत जुनीच आहे. आमच्या रानातही एखादे दिवशी गडी कमी असते, तर त्या मुलास कोणीतरी नक्कीच बोलावले असते.

आता दुसऱ्या मुलाकडे, म्हणजे ४७ धावांवर उभ्या राहिलेल्या त्या बिचाऱ्याकडे वळू. त्यास आम्ही कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट सांगितली. १९४८ सालच्या डिसेंबर महिन्यात पुण्यातील पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड ह्यांच्यामध्ये रणजी करंडकाचा सामना झाला. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग निंबाळकर खेळावयास आले आणि हटेनात. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. सुमारे सव्वाआठ तास ते खेळले. ४९ चौकार व १ षटकार मारून त्यांच्या नावावर ४४३ धावा लागल्या आणि तरी ते नाबाद होते. महाराष्ट्राची धावसंख्या होती ४ बाद ८२६. ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन ह्यांनी १९३० साली केलेला नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम अवघ्या काही फटक्यांवर आला होता. दहा धावा केल्या की झाले!

तेवढ्यात मध्यंतर झाले आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, पुढे खेळण्यास राजी होईनात. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला गेला तर कायमची नामुष्की होईल, असे त्यांना वाटले असे सांगतात. सामना सोडून ते सारे निघून गेले. निंबाळकर पॅड बांधून उभे, आणि समोर चेंडू टाकावयास कोणी नाही!

पुढे हनिफ महंमद ह्यांनी १९५९ साली ४९९ आणि ब्रायन लारा ह्यांनी १९९४ साली नाबाद ५०१ धावा करून ब्रॅडमन ह्यांनाही मागे टाकले. परंतु प्रथम दर्जाच्या सामन्यात भारतीय खेळाडूने केलेली सर्वांत मोठी खेळी अजूनही निंबाळकरांचीच आहे. नवल असे की, एवढ्या मोठ्या फलंदाजास भारताकडून एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. २०१२ साली कोल्हापुरात, वयाची ९३ वर्षे पूर्ण होण्यास एकच दिवस उरला असताना, त्यांचे निधन झाले.

आता विचार करा. ठाकोरसाहेब ज्या नामुष्कीस भ्याले, ती खरोखरच कोणाच्या वाट्यास आली? चेंडू टाकीत राहिले असते, तर ब्रॅडमनचा विक्रम ज्यांच्याविरुद्ध मोडला तो एक संघ, एवढीच त्यांची ओळख राहिली असती. आज लोक त्यांना मैदान सोडून गेलेला संघ म्हणून ओळखतात. हरण्यात अपकीर्ती नसते. बॅट खांद्यावर टाकून घरी जाण्यात असते. हे वाक्य आम्ही काकाच्या बॅटवाल्या कर्णधारास ऐकवले, तेव्हा तो तुराटीने जमीन उकरीत उभा होता.

मोठा पराक्रम म्हणजे केवळ धावांचा डोंगर, असेही नव्हे. १९३३ साली नाशिक येथे जन्मलेले बापू नाडकर्णी ह्यांचे उदाहरण घ्या. १२ जानेवारी १९६४ रोजी मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध त्यांनी लागोपाठ २१ षटके निर्धाव टाकली. आजूबाजूच्या षटकांतील पाच चेंडू जमेस धरले तर सलग १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. त्या डावात त्यांनी एकंदर ३२ षटके टाकली, त्यांपैकी २७ निर्धाव. धावा दिल्या ५ आणि बळी मिळाला शून्य. होय, शून्य! इतके अचूक चेंडू टाकूनही एकही गडी त्यांच्या नावावर लागला नाही. सरावाच्या वेळी ते खेळपट्टीवर एक नाणे ठेवीत आणि चेंडू त्या नाण्यावरच पाडण्याचा ध्यास घेत, असे सांगतात. शेतात रोज तेच औत धरणाऱ्या आणि घरात रोज त्याच भाकरी थापणाऱ्या आमच्या वाचकांना ही गोष्ट अधिक समजेल. बळी मिळो वा न मिळो, चेंडू नाण्यावर पडला पाहिजे.

आणि ज्यांच्याकडून कोणीही काही अपेक्षिले नव्हते, त्यांची कथा? १९४६ साली भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. ओव्हल मैदानावर सरे संघाविरुद्ध ९ गडी २०५ धावांत परतले होते. दहाव्या क्रमांकावर आलेले चंदू सरवटे खेळत होते आणि शेवटचे, अकराव्या क्रमांकाचे शूट बॅनर्जी आत आले. आता काही मिनिटांचा खेळ, असे सर्वांनी गृहीत धरले. परंतु ते दोघे २४९ धावा जोडूनच थांबले! सरवटे १२४ धावांवर नाबाद राहिले आणि बॅनर्जींनी १२१ केल्या. दहाव्या व अकराव्या क्रमांकाच्या दोघाही खेळाडूंनी एकाच डावात शतके ठोकल्याचे प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील हे एकमेव उदाहरण होय. सर्वांत शेवटी ज्याचे नाव घेतले जाते, त्याच्या अंगी काय आहे हे त्याला खेळावयास दिल्यावाचून कसे कळावे?

सांगलीच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात १९१५ साली जन्मलेल्या विजय हजारे ह्यांच्याविषयी न लिहिले तर आमचे वाचक आम्हांवर रागावतील. त्या काळी मुंबईत धर्मावरून संघ पाडून एक मोठी स्पर्धा भरत असे. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन ह्यांचे संघ होते. १९३७ पासून त्यांत ‘रेस्ट’, म्हणजे उरलेल्यांचा, असा पाचवा संघ आला. ख्रिस्ती, ज्यू अशा सर्वांची गणना ह्या उरलेल्यांत होई. १९४३ साली अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावा केल्या. उरलेल्यांचा पहिला डाव १३३ धावांत कोसळला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या! सामना मात्र एक डाव व ६१ धावांनी गमावला.

पण आम्हांस त्या डावातील दुसरेच एक नाव अधिक प्रिय आहे. विजय हजाऱ्यांचे बंधू विवेक हे त्यांच्यासोबत खेळत होते. दोघा भावांनी ३०० धावांची भागी केली आणि त्या डावात विवेक ह्यांच्या स्वतःच्या धावा झाल्या २१. भाऊ मोठा होतो आहे हे पाहून समोरच्या टोकास निमूटपणे उभे राहणे, हाही एक विक्रमच नव्हे काय? शेतीच्या बांधावरून भांडणाऱ्या भावाभावांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. पुढे १९४८ साली ॲडलेड कसोटीच्या दोन्ही डावांत विजय हजाऱ्यांनी ११६ व १४५ अशा धावा काढल्या. एका कसोटीत दोन शतके करणारे ते पहिले भारतीय. १९५२ साली भारताने मद्रास येथे आपला पहिलावहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार तेच होते. उरलेल्यांचा एक खेळाडू सर्वांचा नायक झाला. धर्मवार संघांची ती स्पर्धाही १९४६ नंतर राहिली नाही, हे बरेच झाले.

शेवटची कथा सर्वांत जुनी आहे. पळवणकर बाळू ह्यांचा जन्म आपल्याच कर्नाटकातील धारवाडचा, समाज चर्मकार. पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात ते मैदानाची निगा राखावयाचे आणि महिना ४ रुपये पगार घ्यावयाचे. साहेबांना सरावासाठी ते तासन् तास चेंडू टाकीत. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. पुढे हिंदू संघाने गोऱ्यांना हरवण्यासाठी त्यांना आपल्यात घेतले. मैदानावर सारे त्यांच्या खांद्यास खांदा लावून खेळत. पण चहाची वेळ झाली की, इतरांना आत चिनीमातीच्या कपांत चहा मिळे आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. त्यांनी टाकलेला चेंडू चालत असे, त्यांचा कप चालत नसे! १९११ साली भारताचा संघ प्रथमच इंग्लंडला गेला, तेव्हा ह्याच बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना स्वतःला मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांना मिळाले. एका भावाने टाकलेले चेंडू दुसऱ्या भावाच्या कामी आले.

वाचकहो, ही गोष्ट केवळ जुना इतिहास म्हणून वाचून बाजूस ठेवू नये. सामना संपल्यावर आमच्या रानातील सर्व मुले एकाच माठातले पाणी एकाच तांब्याने पितात, हे आम्ही पाहिले आहे. परंतु त्यांपैकी कोणाकोणास घरी जाऊन हे सांगता येते, आणि कोणास लपवावे लागते, ह्याची चौकशी ज्याची त्याने आपापल्या उंबरठ्याच्या आत करावी.

आता त्या रविवारचा उरलेला वृत्तान्त. ह्या साऱ्या कथा मुलांनी रानाच्या कडेला बसून ऐकल्या. कथा संपल्यावर काकाच्या बॅटवाला कर्णधार उठला. कोणी काही न सांगता त्याने प्रथम त्या मुलाचेच नाव घेतले. त्याने एक षटक टाकले. पहिला चेंडू अगदी रानाबाहेर गेला आणि दोन मुले हसली. पुढच्या चेंडूंवर धावाही पुष्कळ निघाल्या. बळी मिळाला नाही. खोटे कशाला लिहावे? पण शेवटचा चेंडू टप्पा पडून आत वळला व तुराटीच्या अगदी जवळून गेला. फलंदाज क्षणभर तिथेच पाहात उभा राहिला, आणि कोणीतरी कन्नडमध्ये ओरडून शाबासकी दिली. त्या मुलाने उजवा हात डाव्या हाताने चोळला आणि विचारले, “पुन्हा कधी टाकायचं?”

त्या दिवशी धावा लिहिण्यास कोणी मोकळे नव्हते. म्हणून वही आम्हीच घेतली. आमच्या हिशेबात दोन ठिकाणी चूक निघाली, ती त्याच मुलाने सायंकाळी दाखवून दिली. दया करणे सोपे असते. दया करणारा माणूस आपणच वही घेऊन बसतो तेव्हा त्याची खरी परीक्षा होते.

ज्या घरी असा एखादा मुलगा वा मुलगी कडेला बसून असेल, त्या घरच्या आईबापांस आमची एवढीच विनंती आहे: येत्या रविवारी त्यास रानात पाठवावे. मुलींचा डावही वेगळा नको. जागा पुष्कळ आहे. चेंडू मात्र एकच आहे आणि तोही चिरला आहे. कोणाच्या घरी एखादा बरा चेंडू पडून असल्यास तो आमच्याकडे पोहोचता करावा.